ऑफर लेटरवर सही करण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार.

नवी नोकरी लागली की घरचे, मित्र, सगळे एकच विचारतात, पगार किती? आणि आपण पत्रावरचा सगळ्यात मोठा आकडा सांगून मोकळे होतो. हा आकडा बहुतेक वेळा कंपनीच्या खर्चाचा असतो, ज्याला नोकरदार मंडळी सीटीसी म्हणतात. भविष्य निर्वाह निधीतला, म्हणजे पीएफमधला, कंपनीचा हिस्सा, विम्याचा हप्ता, मिळेल किंवा न मिळेल असा बोनस, हे सगळं त्यात धरलेलं असतं. ते बाजूला काढलं की एकूण पगार उरतो. त्यातून कर आणि निधीतला तुमचा हिस्सा कापला जातो, आणि मग जे खात्यात जमा होतं तो हातात येणारा पगार. घरभाडं, कर्जाचा हप्ता, मुलांची फी यातूनच भागवायची असते. म्हणून दोन नोकऱ्यांची तुलना करायची तर आधी या आकड्यांची करा.

पगारपत्रकावरची 'बेसिक' ही ओळही नीट पाहा. निधीची वर्गणी, शिल्लक रजेचे पैसे, निवृत्तीच्या वेळची रक्कम हे अनेक ठिकाणी मूळ वेतनावर मोजतात. दोन कंपन्यांचा एकूण पगार सारखाच असला, तरी जिथे बेसिक लहान आणि भत्ते फुगवलेले, तिथे पुढची रक्कमही लहानच राहू शकते.

मला आज कळकळीने सांगायचंय ते असं, की विमा, निधी, भरपगारी रजा या सवलती म्हणजे मालकाची मेहेरबानी नव्हे. तो तुमच्या कामाचाच मोबदला आहे, फक्त तो उशिरा किंवा वेगळ्या रूपात मिळतो. उशिरा मिळणाऱ्या पैशाला अटी असतात. म्हणून प्रत्येक सवलतीबद्दल दोन प्रश्न विचारायचे. हे माझं कधी होणार? आणि मी मध्येच नोकरी सोडली तर काय?

हे प्रश्न सगळ्यात जास्त लागू पडतात ते कंपनीच्या शेअर्सना. पत्रात शेअर्सची संख्या ठळक असते, पण ते पहिल्या दिवशी तुमचे नसतात. ते हळूहळू तुमच्या नावावर होतात, याला वेस्टिंग म्हणतात. सर्रास दिसणारी पद्धत अशी: मुदत ४ वर्षांची, आणि पहिलं वर्ष पूर्ण होईपर्यंत काहीच नाही. म्हणजे ११ महिन्यांनी राजीनामा दिला तर हाती शून्य. १२ महिने भरले की २५ टक्के तुमचे, पुढचे दर महिन्याला थोडे थोडे. त्यातही शेअर आणि स्टॉक ऑप्शन यांत मोठा फरक आहे. ऑप्शन म्हणजे आधी ठरलेल्या भावाने शेअर विकत घेण्याचा हक्क. बाजारभाव त्या भावाच्या खाली असेल, तर त्या हक्काला काही अर्थ उरत नाही. शिवाय नोकरी सोडल्यावर तो वापरायला अनेकदा ९० दिवसच मिळतात, आणि त्यासाठी पैसे आपल्या खिशातून घालावे लागतात.

आता निवृत्तीची तरतूद. एका प्रकारात पेन्शनचं सूत्र आधीच ठरलेलं असतं. समजा, नोकरीच्या दर वर्षामागे शेवटच्या पगाराचा साठावा भाग. ३० वर्षं नोकरी केली तर निम्मा पगार पेन्शन म्हणून मिळेल. बाजार पडला तरी ती देण्याची जबाबदारी योजना चालवणाऱ्याची. दुसऱ्या प्रकारात फक्त वर्गणी ठरलेली असते. शेवटी हातात किती येईल हे गुंतवणुकीवर अवलंबून, आणि जोखीम तुमची. पण या प्रकारात बऱ्याच ठिकाणी कंपनीही भर घालते. समजा, तुमच्या पगाराच्या ६ टक्क्यांपर्यंत तुम्ही जे घालाल त्याच्या निम्मं कंपनी घालते. तुम्ही ६ टक्के घातलेत तर कंपनीचे ३ मिळतात, ४ घातलेत तर २च. तो उरलेला १ टक्का दर महिन्याला सुटत जातो, आणि त्यावर वर्षानुवर्षं वाढलं असतं ते व्याजही. घरखर्च भागत असेल तर कंपनीची पूर्ण भर मिळेल एवढी वर्गणी तरी जरूर घाला.

कंपनीच्या ग्रुप विम्याचं संरक्षण बहुधा नोकरीबरोबर संपतं. वय वाढल्यावर किंवा आजार जडल्यावर स्वतःची पॉलिसी काढायला गेलं की हप्ता भारी पडतो, कधी नकारही मिळतो. म्हणून तब्येत चांगली असतानाच एक लहानशी का होईना, आपली पॉलिसी असावी. बिलातला किती भाग आपल्याला भरावा लागेल तेही पाहा. आणि नॉमिनी! लग्नाआधी लिहिलेलं नाव कित्येकांच्या कागदांवर तसंच राहतं, आणि मग नको त्या वेळी घरच्यांना खेटे घालावे लागतात.

रजेबद्दल थोडं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७० च्या करारात वर्षाच्या नोकरीमागे किमान ३ कामाच्या आठवड्यांची भरपगारी रजा सांगितली आहे, आणि या किमान रजेवर पैसे घेऊन पाणी सोडण्याचा करार रद्द समजावा किंवा त्याला मनाई असावी, असंही म्हटलं आहे. याच संघटनेच्या २००० च्या करारात किमान १४ आठवड्यांची प्रसूती रजा आहे. हे करार मान्य केलेल्या देशांनाच बांधतात, पण आपल्या पत्रातली रजा पुरेशी आहे का, हे जोखायला ते उपयोगी पडतात. न घेतलेली रजा पुढच्या वर्षात जाते, तिचे पैसे मिळतात की ती बुडते, हे नक्की विचारा.

शेवटी नोटीस पीरियड. तो दोन्ही बाजूंना सारखा आहे का? तुम्ही ३ महिने द्यायचे आणि कंपनीने १ महिना, असं असेल तर सहीआधीच बोला. बोनस 'साधारणपणे मिळतोच' असं कुणी तोंडी सांगितलं, तर तो कशावर ठरतो आणि ज्या तारखेला वाटतात त्या दिवशी नोकरीत असणं गरजेचं आहे का, हे ई-मेलवर लिहून मागा. एचआरला असे प्रश्न नवे नसतात, त्यामुळे विचारताना संकोच करू नका.

नमस्कार.