डाग कुठून आला?

ब्राच्या अस्तरावर एक डाग. टिकलीएवढा, तांबूस. दुसऱ्या दिवशी तिथेच आणखी एक. बाई तो साबणाने घासून काढते आणि कुणाला सांगत नाही. गाठ हाताला लागत नाही, दुखत नाही, मग सांगायचं तरी काय?

सांगायचं ते एवढंच, की न दाबता, आपणहून, एकाच बाजूच्या स्तनाग्रातून थेंब येतोय.

दुधाच्या नळ्या स्तनाग्रापाशी येऊन उघडतात. एखाद्या नळीच्या आत कधी एक लहानशी वाढ होते, देठाला बोंड धरावं तशी. हा इन्ट्राडक्टल पॅपिलोमा. बहुधा 35 ते 55 या वयात आढळणारा, आणि कॅन्सर नसलेला. देठ नाजूक, त्याला पीळ बसला की रक्त झिरपतं. स्तनाग्रातून रक्त येण्याचं हे सर्वांत नेहमीचं कारण. पण कॅन्सरमध्येही अगदी तसाच थेंब येऊ शकतो. म्हणून नुसता धीर देऊन बाईला घरी पाठवणं मला पटत नाही.

तपासणी बोटांनी सुरू होते. स्तनाग्राभोवतीच्या गडद भागावर डॉक्टर गोलाकार, एकेक जागा दाबत जातात. एका जागी दाब पडतो आणि एकाच छिद्रातून थेंब वर येतो. पांढऱ्या गॉजवर टिपला की रंग कळतो, आणि दोषी नळी कोणत्या बाजूला आहे तेही. थेंब काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, पण तीत काही निघालं नाही म्हणून निर्धास्त होता येत नाही.

मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेत, ही वाढ बऱ्याचदा दिसतच नाही. सोनोग्राफीच्या पडद्यावर मात्र फुगलेली काळी नळी दिसते, आणि तिच्यात अडकलेला राखाडी मणी. डॉप्लरवर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर, त्या मण्यात शिरणारं रक्त रंगाने उमटतं. तरीही उलगडा झाला नाही, तर एमआरआय.

मग सुई. जागा बधिर करून, पडद्यावर बघत, शेवयांच्या तुकड्यांसारखे नमुने काढले जातात. पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली शोधतो तो नळीच्या अस्तराखालचा पेशींचा दुसरा थर. वाढीच्या आत तो शाबूत असणं ही साध्या पॅपिलोमाची मोठी खूण. पेशींचं रूप बिघडलेलं दिसलं, किंवा रक्त थांबतच नसलं, तर सर्जन गडद भागाच्या कडेने छोटा छेद घेऊन वाढीसकट ती नळी काढतात.

काढलेली नळी पुन्हा पॅथॉलॉजिस्टकडेच जाते. या वेळी तुकडे नाहीत, ती वाढ सगळीच्या सगळी त्याच्यासमोर असते.