यंत्राचे आकडे आणि धातूचा स्वभाव

श्रोतेहो, नमस्कार.

सीईटीचा निकाल लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातील घराघरांत शाखा कोणती घ्यावी याची चर्चा सुरू होते. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या यादीत अलीकडे जुन्या मेकॅनिकलच्या शेजारी ‘मेकॅनिकल अँड स्मार्ट मॅन्युफॅक्चरिंग’ असे लांबलचक नाव दिसू लागले आहे, आणि ही शाखा यंत्रांची की संगणकाची, असा प्रश्न पालक हमखास विचारतात. आज त्याच प्रश्नाविषयी बोलायचे आहे. ही पदवी आधी यंत्रांची आहे आणि मग संगणकाची, असे माझे ठाम मत आहे. हा क्रम ज्याने उलटा धरला, त्याला चार वर्षांनंतर दोन्हींपैकी काहीच नीट येत नाही.

हे मत कशावर उभे आहे, ते बेळगावच्याच उदाहरणाने सांगतो. उद्यमबाग, मच्छे, होनगा या औद्योगिक वसाहतींमधून फिरलेल्या कोणालाही ठाऊक असते, की या शहराची ओळख फाउंड्रीची, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांची आहे. पंप, व्हॉल्व्ह, वाहने आणि हायड्रॉलिक यंत्रे यांना लागणारे बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे कास्टिंग येथे ओतले जाते आणि त्यावर मशीनिंग, म्हणजे यंत्राने कापून नेमके माप देण्याचे कामही येथेच होते. साचा बहुधा ओल्या वाळूचा असतो. सिलिका वाळूत बेंटोनाइट माती आणि पाणी मिसळतात, आणि त्या मिश्रणातील ओलावा साधारण 3 ते 4 टक्क्यांच्या आसपास राखावा लागतो. ओलावा कमी पडला तर साच्याच्या कडा ढासळतात. तो जास्त झाला तर सुमारे 1,400 अंश सेल्सिअसचा वितळलेल्या बिडाचा रस आत शिरताच पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि कास्टिंगच्या पोटात पोकळी राहते. तिलाच कारखान्यात ‘ब्लो होल’ म्हणतात.

या दोषाची खरी अडचण पुढे आहे. पोकळी पुष्कळदा पृष्ठभागाच्या थोडी खाली असते, त्यामुळे वाळू झाडून, फेटलिंग करून, म्हणजे जास्तीचा धातू घासून काढून कास्टिंग बाहेर पडते तेव्हा ती दिसत नाही. काही दिवसांनी दुसऱ्याच कारखान्यात टूलने वरचा थर उतरवला की भोक उघडे पडते. तोपर्यंत त्या जॉबवर, म्हणजे यंत्रावर चढवलेल्या तुकड्यावर मजुरी, वीज आणि यंत्राचा वेळ खर्च झालेला असतो. फाउंड्रीवाला म्हणतो की माल चांगला होता, मशीनशॉपवाला म्हणतो की माल खराब आला, आणि त्या दिवशी वाळू कशी होती हे कोणालाच आठवत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात, विशेषतः खानापूरच्या बाजूने पावसाचा जोर वाढला की हवाच ओलीचिंब असते, उघड्यावर पडलेली वाळूही भिजते, आणि मग रिजेक्शनचे प्रमाण का वाढले, यावर नुसते तर्क चालतात.

स्मार्ट मॅन्युफॅक्चरिंग येथे उपयोगी पडते. मिक्सरजवळ ओलावा मोजणारा सेन्सर बसवला, प्रत्येक साच्याला आणि कास्टिंगला क्रमांक दिला, रस ओततानाचे तापमान त्या क्रमांकापुढे आपोआप नोंदले गेले, की तीन आठवड्यांनी सापडलेल्या पोकळीचा माग थेट त्या दिवसाच्या, त्या वेळेच्या वाळूपर्यंत काढता येतो. पण श्रोतेहो, त्या नोंदींच्या तक्त्यात ओलाव्याचा रकाना असलाच पाहिजे, हे ठरवणार कोण? वाफ का होते, ती कोठे अडकते, बीड गोठताना कसे आकसते, हे ज्याने समजून घेतले आहे तोच ते ठरवील. प्रोग्रॅम लिहिता येणारा पण साचा कधी हाताळला नाही असा मुलगा शंभर रकाने भरून ठेवील आणि नेमका हवा असलेला रकाना त्यात नसेल.

दुसरे उदाहरण मोजमापाचे आहे, आणि ते मला फार महत्त्वाचे वाटते. 50 मिलिमीटर व्यासाच्या बोअरला, म्हणजे गोल भोकाला, एच-सेव्हन ही सहिष्णुता, म्हणजे मापात चालणारा फरक, दिली असेल, तर माप 50.000 पासून 50.025 मिलिमीटरपर्यंत चालते. म्हणजे सगळी मोकळीक 25 मायक्रॉनची; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, यावरून ही मोकळीक किती थोडी आहे ते ध्यानात येईल. आता कल्पना करा, की जॉब मशीनवरून नुकताच उतरला आहे आणि तो गेजपेक्षा, म्हणजे मोजण्याच्या साधनापेक्षा, 20 अंशांनी गरम आहे. बीड तापले की प्रसरण पावते, आणि एवढ्या व्यासाला तेवढ्या उष्णतेने सुमारे 10 मायक्रॉनची वाढ होते. ऑपरेटरने त्याच क्षणी मोजले आणि 50.005 आले, तर तो समाधानाने जॉब पुढे सरकवील. दुपारपर्यंत तोच जॉब थंड होऊन 49.995 वर येईल आणि त्यात बसणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, आत जाणार नाही. यंत्र चुकलेले नाही, मायक्रोमीटर चुकलेला नाही आणि माणूसही निष्काळजी नाही, तरीही माल नापास. जगभर मापांचे संदर्भ तापमान 20 अंश सेल्सिअस ठरलेले आहे, ते याच कारणासाठी. आजच्या सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या यंत्रात मोजणारा प्रोब आणि तापमानाचा सेन्सर असेल तर टूलचा ऑफसेट, म्हणजे त्याच्या जागेचा हिशेब, आपोआप दुरुस्त करता येतो, परंतु किती दुरुस्ती करायची याचे गणित मेट्रॉलॉजीच्या, म्हणजे मापनशास्त्राच्या तासालाच शिकावे लागते.

आता अभ्यासक्रमाकडे येतो. पहिल्या वर्षी गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, ड्रॉइंग आणि प्रोग्रॅमिंगची तोंडओळख असते. पुढे मटेरियल सायन्स, थर्मोडायनॅमिक्स, मेकॅनिक्स ऑफ मटेरियल्स, फ्लुइड मेकॅनिक्स, उत्पादन प्रक्रिया आणि मशीन डिझाइन हे जुने, भक्कम विषय येतात. नव्या शाखेत त्यांच्या जोडीला कंट्रोल सिस्टिम, पीएलसी (यंत्रे चालवणारा छोटा औद्योगिक संगणक), रोबॉटिक्स, सेन्सर, थ्रीडी प्रिंटिंग आणि यंत्रातून येणाऱ्या माहितीचे विश्लेषण शिकवले जाते. ‘इंडस्ट्री 4.0’, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या यंत्रांचे उत्पादन, हा शब्द 2011 साली जर्मनीतील हॅनोव्हरच्या औद्योगिक प्रदर्शनात पुढे आला आणि तेव्हापासून तो सर्वांच्या तोंडी झाला. मात्र त्याचे घटक त्याहून जुने आहेत. आकड्यांच्या आज्ञेवर चालणारे मिलिंग यंत्र अमेरिकेतील एमआयटीमध्ये 1952 साली दाखवले गेले, तर पीएलसीचा जन्म 1960 च्या दशकाच्या अखेरचा आहे. नवीन आहे ते एवढेच, की ही सारी यंत्रे आता एकमेकांशी जोडली गेली आहेत आणि सेन्सर पुष्कळ स्वस्त झाले आहेत. म्हणून लहान कारखान्यालाही, सगळी जुनी लेथ न बदलता, तिच्या स्पिंडलवर कंपन मोजणारा सेन्सर लावून बेअरिंग खराब होण्याआधी सूचना मिळवता येते. आपल्या भागात असे लहान कारखाने पुष्कळ आहेत, आणि या पदवीधरांना पहिले मोठे काम तेथेच आहे, असे मला वाटते. कोट्यवधींचे नवे यंत्र घेणे त्यांना परवडत नाही, पण जुन्या यंत्राला थोडी नवी जोड देणारा माणूस त्यांना हवा आहे.

या भूमीला यंत्रविद्या नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले. रंग ओळखण्यात अडचण येते हे लक्षात आल्यावर ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले, 1888 साली बेळगावात त्यांनी सायकलचे दुकान काढले, आणि पुढे कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर बनवला. त्यांचा कारखाना 1910 साली औंध संस्थानात गेला, आजच्या किर्लोस्करवाडीला. आज याच बेळगावात, 1998 साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे. ज्यांचे नाव या विद्यापीठाला दिले, ते सर विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी शिकले ते पुण्यात.

आपल्या मुलांच्या मनातील एक भीती उघडपणे बोलली पाहिजे. मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेला विद्यार्थी पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, इंग्रजीच्या धक्क्याने आधीच थकलेला असतो, त्यातच अभियांत्रिकीची पुस्तके इंग्रजीत आणि कारखान्यातील बोलणे अर्धे कन्नडमध्ये. माझा सल्ला असा, की प्रत्येक कल्पना पहिल्यांदा मराठीतच समजून घ्या, मित्राला मराठीत समजावून सांगा, आणि मगच ती इंग्रजीत लिहा. प्रतिबल म्हणजे काय हे मराठीत पक्के कळलेला विद्यार्थी ‘स्ट्रेस’ची व्याख्या पाठ करणाऱ्यापेक्षा उदाहरणे अधिक बिनचूक सोडवतो. कन्नडचीही टाळाटाळ करू नका. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात कन्नड न येणाऱ्यांसाठी ‘बळके कन्नड’ हा छोटा विषय असतो. तो केवळ पास होण्यापुरता न घेता मनापासून शिकलात, तर फाउंड्रीतील अनुभवी मोल्डर, म्हणजे साचे बनवणारा कारागीर, तुम्हाला पुस्तकात नसलेल्या शंभर गोष्टी सांगेल.

मुलींच्या पालकांना वेगळे सांगायचे आहे. मेकॅनिकल म्हणजे घाम आणि ग्रीस, मुलीचे काम नव्हे, हा समज अजून गेलेला नाही. मोजमाप, डिझाइन, रोबॉटचे प्रोग्रॅमिंग, गुणवत्तेचे नियंत्रण यांपैकी कशाला मनगटाचे बळ लागते? कौल मुलीच्या आवडीचा घ्या.

प्रवेशाविषयी थोडक्यात सांगतो. कर्नाटक सीईटीच्या गुणवत्ता यादीत पीयूसीचे गुण आणि परीक्षेचे गुण निम्मे-निम्मे धरले जातात, त्यामुळे बोर्डाचा अभ्यास दुर्लक्षून चालत नाही. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेण्याची वाटही खुली आहे. यंत्रावर हात बसलेला हा विद्यार्थी गणितात मागे पडतो अशी तक्रार असते आणि ती बऱ्याच अंशी खरी आहे, म्हणून त्याने प्रवेशाआधीच्या सुट्टीत कॅल्क्युलसची उजळणी करावी.

महाविद्यालय पाहायला जाल तेव्हा इमारत आणि जाहिरात पाहून परतू नका. वर्कशॉपमध्ये जा. सीएनसी यंत्राच्या टेबलावर धातूचा ताजा कीस आणि कूलंट (यंत्र थंड ठेवणारा द्रव) दिसतो की धूळ, ते पाहा. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारा, की त्याने स्वतः प्रोग्रॅम लिहून, स्वतः टूल सेट करून किती जॉब काढले. पीएलसीच्या प्रयोगशाळेत किती जणांमागे एक संच आहे, हेही विचारा. जेथे या प्रश्नांची उत्तरे सरळ मिळतात, तेथे शुल्क भरण्याआधी फारसा विचार करण्याची गरज नाही. जेथे ती मिळत नाहीत, तेथे नावात ‘स्मार्ट’ आहे म्हणून प्रवेश घेऊ नये, शेजारच्या महाविद्यालयातील साधे मेकॅनिकल बेशक घ्यावे आणि सेन्सर, प्रोग्रॅमिंग यांचे शिक्षण सुट्टीत वेगळे करावे.

नमस्कार.