अनुभवी खेळाडू विकायचा तो केव्हा? पुनर्बांधणीतल्या बेसबॉल संघाचं वेळापत्रक

आयपीएलमुळे खेळाडूंची खरेदी-विक्री आपल्याला नवी राहिलेली नाही. पण तिथे संघ बदलताना खेळाडूची संमती लागते आणि काही वर्षांनी मोठा लिलाव होऊन बरेचसे पत्ते पुन्हा पिसले जातात. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये असा लिलाव नाही. खेळाडू मेजर लीगमध्ये आला की सहा वर्षांची सेवा पूर्ण होईपर्यंत तो संघाच्या ताब्यात असतो. हंगाम साधारण १८७ दिवसांचा, आणि त्यातले १७२ दिवस भरले की सेवेचं एक वर्ष धरलं जातं. सहा वर्षांनंतर तो फ्री एजंट होतो आणि हवा तिथे करार करतो. तोपर्यंत, किंवा त्याने पुढचा मोठा करार केला असेल तर तो संपेपर्यंत, संघ त्याला सहसा न विचारता दुसऱ्या संघाला देऊ शकतो. करार आहे तसाच नव्या संघाकडे जातो.

म्हणून पुनर्बांधणीला बसलेला, म्हणजे आज हरत पुढच्या वर्षांसाठी तरुण खेळाडू जमवणारा संघ ३१ वर्षांचा चांगला पिचर (चेंडू टाकणारा) विकतो, तेव्हा गिऱ्हाईक पैसे मोजतं ते त्याच्या नावाचे नाहीत, गेल्या वर्षीच्या आकड्यांचेही नाहीत. मोजतं ते करारातल्या उरलेल्या महिन्यांचे, आणि त्याहून जास्त त्या महिन्यांत किती ऑक्टोबर येतात त्याचे, कारण प्लेऑफ ऑक्टोबरमध्ये होतात. ही किंमत हळूहळू उतरत नाही. पायरी-पायरीने पडते आणि प्रत्येक पायरीची तारीख आधीपासून माहीत असते. एवढं माहीत असूनही संघ उशीर करतात, आणि माझा सगळा रोख त्या उशिरावर आहे.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण मार्क टेशेरा. तोच खेळाडू एका वर्षाच्या अंतराने दोनदा विकला गेला. ३१ जुलै २००७ ला, म्हणजे हंगामातल्या अदलाबदलीच्या मुदतीच्या दिवशी, टेक्सस रेंजर्सनी हा फर्स्ट बेसमन अटलांटा ब्रेव्हजना दिला, सोबत रॉन माहे हा रिलीव्हर (सामन्यात नंतर येणारा पिचर). टेशेराच्या ताब्याचं दीड वर्ष शिल्लक होतं. बदल्यात पाच जण आले: कॅचर जॅरड सॉल्टलामाकिया, शॉर्टस्टॉप एल्व्हिस आंद्रुस, आणि नेफ्ताली फेलिझ, मॅट हॅरिसन व बो जोन्स हे पिचर. पुढच्या जुलैत ब्रेव्हजच मागे पडले आणि त्यांनी टेशेराला एंजल्सकडे पाठवलं. आता उरले होते दोन महिने. मिळाले केसी कॉचमन आणि स्टीफन मॅरेक. खेळाडू तोच, फॉर्मही उत्तम. फक्त एक ऑक्टोबर कमी झाला होता.

रेंजर्सनी काय मागून घेतलं तेही पाहा. आंद्रुस तेव्हा १८ वर्षांचा, फेलिझ १९ चा. दोघेही मेजर लीगसाठी खेळाडू घडवणाऱ्या मायनर लीगच्या खालच्या पायऱ्यांवर. रेंजर्स त्या वर्षी ७५ सामने जिंकून ८७ हरले, म्हणजे लगेच स्पर्धेत येण्याचा प्रश्नच नव्हता. दोन-तीन वर्षांनी पिकणारा माल त्यांना परवडत होता. २०१० मध्ये संघ वर्ल्ड सिरीजला पोचला तेव्हा आंद्रुस शॉर्टस्टॉप होता, फेलिझ क्लोजर (शेवटच्या डावात आघाडी राखणारा पिचर) आणि त्या वर्षीचा अमेरिकन लीगचा सर्वोत्तम नवोदित. २०११ मध्ये ते पुन्हा पोचले, तेव्हा हॅरिसन सुरुवातीच्या पिचरांमध्ये होता.

टेशेराचा तिसरा अंकही कामाचा आहे. २००८ संपल्यावर तो फ्री एजंट म्हणून यांकीजकडे गेला. तेव्हाच्या नियमाने एंजल्सना भरपाई म्हणून यांकीजची ड्राफ्टमधली (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतली) २५ वी निवड मिळाली आणि तिच्यावर त्यांनी माइक ट्राउट घेतला. ही वाट २०१२ पासून बंद आहे. हंगामाच्या मध्यात संघ बदललेल्या खेळाडूला नवा संघ ‘क्वालिफाइंग ऑफर’ (एका वर्षाच्या ठरावीक पगाराचा प्रस्ताव) देऊ शकत नाही, म्हणजे तो सोडून गेला तर भरपाईची निवडही नाही. दोन महिन्यांसाठी घेतलेल्या खेळाडूची किंमत त्यामुळे आणखी खाली आली.

आता थोडा हिशेब. खेळाडूचं योगदान ‘वॉर’मध्ये मोजतात, म्हणजे साध्या बदली खेळाडूपेक्षा त्याने किती विजय जास्त मिळवून दिले. बाजारात एका विजयाला साधारण ८० ते ९० लाख डॉलर मोजावे लागतात असं धरून चालतात. आपण ८५ लाख घेऊ. समजा, आपला खेळाडू वर्षाला तीन विजयांचा आहे, पगार दीड कोटी डॉलर आणि करार पुढच्या हंगामाच्या शेवटापर्यंत. ३१ जुलैला हंगामाचा एक तृतीयांश भाग उरलेला असतो. म्हणजे गिऱ्हाइकाला यंदा एक आणि पुढच्या वर्षी तीन, असे चार विजय मिळणार. त्यांचे ३ कोटी ४० लाख. त्यातून उरलेला पगार २ कोटी वजा. शिल्लक १ कोटी ४० लाख. एवढ्या मोलाचे होतकरू खेळाडू मागता येतात. डिसेंबरपर्यंत थांबलात तर तीन विजय, दीड कोटी पगार, शिल्लक १ कोटी ५ लाख. पुढच्या जुलैपर्यंत थांबलात तर एक विजय, ५० लाख पगार, शिल्लक ३५ लाख. आणि वयाने तो तिनाचा अडीचवर आला, जे तिशीनंतर अगदी सहज होतं, तर जेमतेम २० लाख.

या हिशेबात ऑक्टोबरची ओढ धरलेली नाही. ती धरली की पहिल्या जुलैचं पारडं आणखी जड होतं, कारण गिऱ्हाइकाला दोन प्लेऑफ मिळतात. म्हणून माझा ठाम नियम: आपला संघ पुन्हा स्पर्धेत येण्याचं वर्ष प्रामाणिकपणे कागदावर लिहा. ज्याचा करार त्याआधी संपतो, त्याला शेवटच्याच्या आधीच्या जुलैत विका. शेवटच्या जुलैची वाट पाहणं म्हणजे तीन चतुर्थांश किंमत सोडून देणं.

जुलै की डिसेंबर, यावर खूप वाद होतो. डिसेंबरमध्ये गिऱ्हाइकं जास्त असतात, कारण सगळे ३० संघ पुढच्या वर्षाची आशा धरून असतात. पण तेव्हा त्यांना फ्री एजंट पैशांनी घेता येतात, होतकरू पोरं द्यावी लागत नाहीत. जुलैत तो पर्याय नसतो. ज्याच्या ताब्याची तीन किंवा जास्त वर्षं उरली आहेत त्याला हिवाळ्यात विकायला हरकत नाही. व्हाइट सॉक्सनी डिसेंबर २०१६ मध्ये ख्रिस सेलला तसंच विकलं आणि योआन मोंकाडा, मायकल कोपेक यांच्यासह चौघे घेतले. दीड वर्षवाल्यासाठी मात्र जुलैच.

पिचरच्या बाबतीत थांबण्याची किंमत एका दिवसातही चुकवावी लागते. फिलाडेल्फियाचा क्लिफ ली २०१४ मध्ये ३५ वर्षांचा, पाच वर्षांच्या १२ कोटींच्या करारावर. कोपराच्या दुखण्याने दोन महिने बाहेर बसून जुलैत परतला होता. संघ तळाला होता आणि लीला विकावं हे उघड होतं. ३१ जुलैची मुदत आली, गेली. त्याच दिवशी वॉशिंग्टनविरुद्ध तिसऱ्या डावात त्याचं कोपर पुन्हा गेलं आणि तो मैदानाबाहेर आला. मेजर लीगच्या सामन्यात त्याने त्यानंतर चेंडू टाकला नाही. पुढच्या वर्षाचा अडीच कोटींचा पगार आणि कराराचा शेवट संघाच्याच गळ्यात राहिला. डेट्रॉइटचा मायकल फुल्मर २०१६ चा सर्वोत्तम नवोदित. तो जवळ ठेवला. मज्जातंतू, गुडघा आणि २०१९ मध्ये कोपर अशा शस्त्रक्रिया झाल्या, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये तो रिलीव्हर म्हणून एका मायनर लीग पिचरच्या बदल्यात गेला.

क्लोजरचं गणित तर सरळच आहे. पुनर्बांधणीतल्या संघाला शेवटच्या डावातली आघाडी टिकवायला फारशी मिळतच नाही, आणि रिलीव्हरचा फॉर्म एका वर्षातून दुसऱ्यात टिकेल याची खात्री नसते. चांगला हंगाम दिसला की त्याच जुलैत विका. बाल्टिमोर ओरिओल्सनी ऑगस्ट २०२२ मध्ये (त्या वर्षी मुदत ऑगस्टच्या सुरुवातीला होती) होर्हे लोपेझला, त्याच वर्षी ऑल-स्टार झालेला असताना आणि ताब्याची दोन वर्षं उरलेली असताना, मिनेसोटाला दिलं. बदल्यात आलेल्या चौघांत येनिएर कानो होता. तो पुढच्या वर्षी स्वतः ऑल-स्टार झाला. लोपेझचा फॉर्म गेला आणि वर्षभरात मिनेसोटानेही त्याला दुसरीकडे दिलं. हा व्यवहार झाला तेव्हा बाल्टिमोर चक्क चांगलं खेळत होतं आणि चाहते चिडले होते. त्या वर्षी ८३ विजय मिळाले, प्लेऑफ थोडक्यात हुकलं. पुढच्या वर्षी १०१ विजय.

याच्या उलट एंजल्सचं २०२३. शोहेई ओतानीच्या कराराचे शेवटचे महिने. जुलैअखेर संघाचे विजय पराभवांपेक्षा थोडेसेच जास्त. त्यांनी ओतानीला तर ठेवलंच, वर लुकास जिओलिटो आणि रेनाल्डो लोपेझ हे पिचर आणण्यासाठी एडगर केरो हा होतकरू कॅचर आणि काय बुश हा पिचर देऊन टाकला. ऑगस्टमध्ये संघ कोसळला, महिनाअखेर तेच दोन पिचर वेव्हरवर (कुठल्याही संघाने पगारासकट उचलावेत म्हणून) सोडले आणि ते फुकट क्लीव्हलंडला गेले. हंगाम ७३-८९. ओतानी डॉजर्सकडे गेला, एंजल्सना ड्राफ्टची ७४ वी निवड मिळाली. अशी खोटी आशा हल्ली जास्त वाढली आहे, कारण २०२२ पासून १२ संघ प्लेऑफला जातात आणि २०२३ मध्ये ॲरिझोना ८४ विजयांवर वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचली. पण जुलैत विकणारे थोडे आणि घेणारे फार, ही विकणाऱ्यासाठी पर्वणी असते. शिवाय जुलैच्या मुदतीनंतरही वेव्हरमार्गे खेळाडू देण्याचा ऑगस्टमधला मार्ग २०१९ पासून बंद झाल्याने दुसरी संधी नाही.

नुसतं हरून वर येता येतं हेही आता विसरा. पूर्वी जास्त हरणाऱ्याला आधीची निवड मिळायची, पण ड्राफ्टच्या पहिल्या सहा निवडी २०२३ पासून सोडतीने ठरतात, आणि लागोपाठ सोडतीत येण्यावर बंधन आहे. व्हाइट सॉक्स २०२४ मध्ये १२१ सामने हरले तरी २०२५ च्या ड्राफ्टमध्ये त्यांना दहावी निवड मिळाली. सर्वसाधारण निवडी विकताही येत नाहीत. नवी गुणवत्ता आणण्याचा मोठा मार्ग म्हणून अनुभवी खेळाडूच उरतात.

व्यवहाराच्या बारकाव्यांत लक्ष घालावं अशा जागा काही मोजक्याच आहेत. पहिली, पैसा. पगारातले एक कोटी आपण भरले तर गिऱ्हाइकाची शिल्लक तेवढीच वाढते आणि वरच्या दर्जाचा खेळाडू मागता येतो. मालकाला हे पटवणं अवघड, पण पुनर्बांधणीत पैशाचा याहून चांगला उपयोग क्वचितच असतो. दुसरी, नकाराधिकार. दहा वर्षं सेवा आणि त्यातली शेवटची पाच सलग एकाच संघात झाली की खेळाडू कुठलाही व्यवहार अडवू शकतो. त्याच्या सेवेचे दिवस मोजा. तो दिवस येण्याआधीच निर्णय घ्या. नंतर गिऱ्हाईक तो निवडतो, आपण नाही. हा अधिकार असलेला डेट्रॉइटचा जस्टिन व्हरलँडर ऑगस्ट २०१७ च्या शेवटच्या रात्री (तेव्हा ऑगस्टचा मार्ग उघडा होता) मुदतीला काही मिनिटं उरली असताना ह्यूस्टनला जायला तयार झाला.

तिसरी, वैद्यकीय तपासणी. बोलणी पक्की झाली तरी कागदपत्रं पाहून समोरचा माघार घेऊ शकतो. २९ जुलै २०१५ ला मिलवॉकीचा कार्लोस गोमेझ न्यूयॉर्क मेट्सकडे जाणार अशी बातमी पसरली आणि नितंबाच्या सांध्यावरून व्यवहार मोडला. दुसऱ्या दिवशी मिलवॉकीने गोमेझ आणि माइक फायर्स ह्यूस्टनला देऊन जॉश हेडर, एड्रियन हाउझर, डोमिंगो सांताना आणि ब्रेट फिलिप्स मिळवले. हे जमलं, कारण हातात दोन दिवस होते. म्हणून पहिला प्रस्ताव जूनच्या शेवटी गेलेला असावा. क्लीव्हलंडने २००२ मध्ये बार्टोलो कोलोनला २७ जूनलाच विकून क्लिफ ली, ग्रेडी साइझमोर आणि ब्रँडन फिलिप्स एकदम घेतले होते.

एक अपवाद नीट समजून घ्या. फक्त फटकेबाजी करणारा कॉर्नर आउटफिल्डर (मैदानाच्या कडेचा क्षेत्ररक्षक) जुलैत कमी गिऱ्हाइकांना लागतो. जे. डी. मार्टिनेझसाठी डेट्रॉइटला २०१७ मध्ये नावापुरतं मिळालं. ॲरिझोनात त्याने ६२ सामन्यांत २९ होम रन मारले. असा खेळाडू करारात दीड वर्ष असतानाच जायला हवा. शेवटचे दोन महिने उरले असतील आणि तो क्वालिफाइंग ऑफर नाकारेल याची खात्री असेल, तर समोरचा प्रस्ताव भरपाईच्या निवडीशी ताडून पाहा. ती निवड संघाच्या महसुलाप्रमाणे पहिल्या किंवा दुसऱ्या फेरीच्या मागे पडते. ही ऑफर २०२४ च्या अखेरीस २ कोटी १० लाख ५० हजार डॉलरची होती. खेळाडूने ती स्वीकारली तर एवढा पगार आपल्याच माथी, म्हणून साधारण खेळाडूवर हा डाव खेळू नका. सध्याचा सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. त्यानंतर हे नियम पुन्हा तपासावे लागतील.

मागायचं कोणाला, याची यादी करताना गिऱ्हाइकाची ४० जणांची नोंदयादी आधी उघडा. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत ‘रूल ५’पासून (यादीबाहेरचे खेळाडू दुसऱ्या संघांना उचलू देणाऱ्या ड्राफ्टपासून) वाचवायचे खेळाडू त्या यादीत घालावे लागतात, १८ व्या वर्षी किंवा त्याआधी करार झालेला पोरगा पाच हंगामांनंतर, त्याहून मोठा असेल तर चारांनंतर. ज्या संघाकडे अशी सहा पोरं आणि जागा तीन, तो संघ जुलैत हात सैल सोडतो. आपल्याकडे अनुभवी गेल्यामुळे जागा मोकळ्या झालेल्याच असतात. मात्र एकाच्या बदल्यात तीन घेताना त्यांतले किती नोव्हेंबरमध्ये यादीत घालावे लागतील हे त्याच दिवशी मोजून ठेवा. नाहीतर जुलैत मिळवलेला पिचर डिसेंबरच्या रूल ५ ड्राफ्टमध्ये दुसराच संघ उचलून नेतो.