तबकडीच्या मागच्या बाजूचा माणूस

मंडळी, विषय ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ हा गाजलेल्या गाण्यांचा अल्बम आणि सभागृह मुंबईतलं, तेव्हा त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत होता हे मी सांगणारच, अशी तुमची खात्री असेल. सांगितलं. आता त्याला जरा बाजूला ठेवू. मला बोलायचंय ते मागे बसून ड्रम वाजवणाऱ्या रॉजर टेलरबद्दल.

आमच्या गिरगावातल्या घरात हा अल्बम कॅसेटवर आला. मावसभावाने कुठून तरी एलपी, म्हणजे मोठी तबकडी, मिळवली आणि रेकॉर्डिंगवाल्याकडून साठची कॅसेट भरून आणली. पन्नाशीपुढच्यांना ती दुकानं आठवतील. कोरी कॅसेट द्यायची, चार दिवसांनी यायचं. १९८१ सालचा हा अल्बम म्हणजे त्या दुकानदाराची चैन: १७ गाणी, सुमारे ५८ मिनिटं, साठमध्ये चपखल! एलपीवर मात्र दाटीवाटी. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं सुखाने नांदतात, इथे जवळजवळ २९. मग खाचा अगदी खेटून कापायच्या आणि आवाज थोडा दाबायचा.

कॅसेटच्या कागदावर भावाने बॉलपेनने गाण्यांची नावं लिहिली होती. कोणी रचलं, ते लिहायला जागाच नव्हती. त्यामुळे कित्येक वर्षं मी सगळं फ्रेडीच्या खात्यावर मांडत होतो. ‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ बेस वाजवणाऱ्या अबोल जॉन डीकनचं आणि ‘वी विल रॉक यू’ गिटारवाल्या ब्रायन मेचं, हे फार उशिरा कळलं. मग एकदा हिशोबच मांडला. १७ गाण्यांत टेलरचं एकही नाही. तोवरच्या प्रत्येक अल्बममध्ये त्याचं निदान एक तरी गाणं असूनही.

कारण साधं आहे. अशा संकलनात शिरतात ती बहुतेक सिंगलच्या, म्हणजे दोन बाजूंना दोन गाणी असलेल्या छोट्या तबकडीच्या, पुढच्या बाजूची गाणी. ‘वी विल रॉक यू’ मागच्या बाजूने आत घुसलं, पण तो अपवाद. टेलरचं गाणं ब्रिटनमध्ये तोवर ‘क्वीन’च्या सिंगलच्या पुढच्या बाजूला आलंच नव्हतं.

आणि मागच्या बाजूला? १९७५ साली ‘बोहेमियन रॅप्सडी’ची सिंगल निघाली, तिच्या पाठीवर होतं टेलरचं ‘आय एम इन लव्ह विथ माय कार’. रचनाकाराचं मानधन दोन्ही बाजूंना सारखं. लोकांनी तबकडी घेतली फ्रेडीच्या गाण्यासाठी, पैसे मिळाले दोघांना. यावरून बँडमध्ये बरीच धुसफूस झाली म्हणतात. होणारच! पण मी टेलरच्या बाजूने आहे. दोन बाजूंची वस्तू विकायची तर दोन्हीचा दाम मोजावा. संकलनाने ती सोय मोडली. ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेला हा अल्बम, २०२२ मध्ये तिथे ७० लाखांपलीकडे गेला. वादक म्हणून टेलर त्यात आहेच. रचनाकार म्हणून कुठेच नाही.

१९९१च्या ऑक्टोबरात ‘ग्रेटेस्ट हिट्स’चा दुसरा संच निघाला. महिन्याभरात फ्रेडी गेला. या संचात टेलरची गाणी आहेत, त्यातलं एक ‘रेडिओ गा गा’. ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीच्या मैफलीचं चित्रण तुम्ही पाहिलंच असेल. १९८५, लंडनचं वेम्बली स्टेडियम, सुमारे ७२ हजार माणसं दोन्ही हात डोक्यावर नेऊन एका ठेक्यात टाळ्या वाजवताहेत, तेच गाणं. माईकसमोर अर्थात फ्रेडी. टेलर मागे, ड्रमच्या आड.