हो म्हणायचं कोणी?

[पॅकहाउस. क्रेट उतरताहेत. वजनकाट्याशेजारी संगणक आणि लेबलचा प्रिंटर.]

पिंपळगाव बसवंतच्या बाजूचं हे द्राक्षांचं पॅकहाउस. हंगाम ऐन भरात. क्रेटसोबत आलेला प्लॉटचा नोंदणी क्रमांक पुढे खोक्यावर जातो, तिथून पॅलेटवर. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचा माग २००६पासून अपेडाच्या, म्हणजे शेतमालाची निर्यात पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या, ग्रेपनेट या ऑनलाइन प्रणालीवर ठेवला जातो, त्यामुळे लेबल चुकलेलं खोकं इथे सरळ बाजूला काढतात. ही लेबलं छापणारं सॉफ्टवेअर नाशिकच्याच एका लहान आयटी कंपनीचं आहे.

[मोबाइलचा क्लोजअप. व्हॉट्सॲप ग्रुप.]

हा त्या कामाचा ग्रुप. “दादा, रिपोर्टमध्ये शेतकऱ्याच्या नावापुढे गाव पण टाका.” “साडेचार किलो आणि पाच किलो, दोन्ही खोकी दिसली पाहिजेत.” मग अकाउंटवाल्यांचा लांबलचक व्हॉइस मेसेज. प्रत्येक निरोपाखाली प्रोग्रामरचा अंगठा.

यातलं काहीही कोटेशनमध्ये नव्हतं. मागणारा सुपरवायझर आहे, करणारा प्रोग्रामर आहे. पैसे देणाऱ्या मालकांनी ग्रुप म्यूट करून ठेवलाय.

[नाशिकचं सातपूर. त्या आयटी कंपनीचं ऑफिस: जिना, पाटी, आत सहा-सात टेबलं. भिंतीवर पांढरा बोर्ड.]

नाशिकवरच्या फिल्ममध्ये गोदाघाटाचं ड्रोनदृश्य हवंच, असा दंडक आहे. आम्ही हा बोर्ड दाखवतोय, कारण अशा मागण्यांना हो कोणी म्हणायचं ते यावर ठरतं. त्यावर कामांच्या वर तीन नावं लिहिली आहेत.

पहिलं नाव ग्राहकाकडच्या एकाच माणसाचं, ज्याच्या शब्दावर तिथे पैसे सुटतात. दुसरं आपल्याकडे प्रकल्प सांभाळणाऱ्याचं. तिसरं आयटी कंपनीच्या मालकाचं, पण त्यापुढे अट आहे: तारीख ५ दिवसांहून जास्त सरकली किंवा ठरलेले तास १० टक्क्यांहून जास्त वाढले, तरच त्यांच्याकडे जायचं. मर्यादेच्या आतलं दुसऱ्या नावाने निभवायचं. पंधरा माणसांच्या कंपनीत मालकच काम आणतो, मालकच अंदाज देतो आणि रात्री बसून कोडही तोच लिहितो. मग त्याला अडवणार कोण? म्हणून इथे आणखी एक नियम आहे. काम आणणाऱ्याच्या एकट्याच्या सहीने अंदाज बाहेर जात नाही. काम करणाऱ्याचीही सही लागते.

[स्क्रीन. बदलांची नोंदवही. स्प्रेडशीटच्या ओळी हळूहळू वर सरकतात.]

आता ही नोंदवही. साधं स्प्रेडशीट आहे, वेगळं सॉफ्टवेअर घ्यायची गरज नाही. रकाने असे: क्रमांक, तारीख, कोणी मागितलं, काय मागितलं, किती तास, किती रुपये, तारखेवर काय परिणाम आणि शेवटी कोणी मान्य केलं.

ग्रुपवर मागणी आली की प्रोग्रामरने “करतो” म्हणायचं नाही. “नोंदवलं, क्रमांक १४” एवढंच लिहायचं. व्हॉइस मेसेज असेल तर तो ऐकून एका वाक्यात उतरवायचा आणि तेच वाक्य ग्रुपवर परत टाकायचं. निम्मे वाद तिथेच मिटतात, कारण बोलणाऱ्याला भलतंच म्हणायचं होतं हे लगेच कळतं.

मंगळवारी आणि शुक्रवारी अंदाज काढायचा. क्रमांक १४ बघा: “गाव टाका.” फॉर्मवर एक रकाना वाढवायचा, अर्धा तास. पण आधी भरलेल्या शेतकऱ्यांच्या यादीत गाव नाहीच. ते कोण भरणार? गाव आलं की रिपोर्ट ए-फोर कागदाच्या बाहेर जातो, म्हणजे छपाई पुन्हा मांडायची. सुपरवायझरला गाव लेबलवरही हवंय का? तसं असेल तर अक्षरं लहान होणार, बारकोड स्कॅन होतो का ते प्रत्यक्ष प्रिंटरवर तपासावं लागणार. अर्ध्या तासाचं काम दोन दिवसांवर जातं ते असं. अंदाज कोडाचाच दिला आणि जुना डेटा, छपाई, तपासणी धरलीच नाही, ही इथली सगळ्यात महागडी चूक.

अंदाज पहिल्या नावाकडे जातो. तीन कामाच्या दिवसांत उत्तर आलं नाही तर मागणी थांबते. गप्प बसणं म्हणजे होकार धरायचा नाही.

किरकोळ बदलांसाठी मूळ कोटेशनमध्येच काही तास राखून ठेवायचे, समजा एकूण तासांच्या १० टक्के. रुपयांच्या रकान्यात शून्य लिहायचं, पण तास वजा झालेले दिसले पाहिजेत. राखीव तास संपत आले की सुपरवायझर स्वतःच म्हणतो, “गावाचं राहू द्या, आधी वजनाचं बघा.” बरेच जण हे तास सौजन्य म्हणून लपवतात आणि शेवटी एकदम बिल लावतात. ग्राहक चिडतो, आणि त्याचं चुकतं असंही नाही.

[बैठक. टेबलावर नोंदवहीची प्रिंट. पॅकहाउसचे मालक प्रथमच दिसतात.]

दर पंधरा दिवसांनी ४५ मिनिटांची बैठक. पहिल्या नावाचा माणूस नसेल तर बैठक होत नाही. त्याच्याऐवजी पुतण्याला पाठवलं तरी नाही.

“किती झालं?” याला “नव्वद टक्के” हे उत्तर चालत नाही. काम ग्राहकाने तपासून स्वीकारलं असेल तर शंभर, नाहीतर शून्य. आकडा खाली येतो, चेहरे उतरतात, पण तारीख कळते. त्याच संध्याकाळी निर्णयांची मेल जाते.

लहान संस्थांना हे झेपत नाही, अशी तक्रार असते. पण २५ माणसांपर्यंतच्या अशा संस्थांसाठीच आयएसओ/आयईसी २९११० ही आंतरराष्ट्रीय मानकमालिका आहे. तिच्या बेसिक प्रोफाइलमध्ये दोनच प्रक्रिया येतात: प्रकल्प व्यवस्थापन आणि सॉफ्टवेअर अंमलबजावणी.

[कॅलेंडर. ऑक्टोबर छाटणीचं दृश्य, मग पुन्हा स्क्रीन.]

द्राक्षवाल्यांचं काम घेतलं तर वेळापत्रक बागेचं. ऑक्टोबर छाटणीनंतर माल तयार होईपर्यंतच ग्राहकाला चाचणीसाठी माणूस देता येतो. तोडणी सुरू झाली की सगळे काट्यावर. म्हणून पहिला ट्रक यायच्या आत चाचणी संपवायची आणि बदल गोठवायचे. हंगामात छपाई बंद पडली तर दुरुस्ती होईल. नवीन रकाना नाही. दुरुस्तीआधी जुनी आवृत्ती परत बसवता येते ना, हेही पाहायचं. २०२७च्या सिंहस्थाशी जोडलेली कामं घेणाऱ्यांनाही हेच लागू: पर्वणी पुढे ढकलता येत नाही, कमी करता येते ती कामाची यादी.

[बिलांची फाइल.]

पैशाचा कारभारही स्वीकृतीवरच उभा आहे. बिल फाडलं की १८ टक्के जीएसटी देय होतो, ग्राहकाचे पैसे आलेले असोत वा नसोत. म्हणून टप्पा स्वीकारल्याची मेल आधी, बिल नंतर. उद्यम, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, असलेल्या सूक्ष्म आणि लघु कंपनीला २००६चा एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायदा आधार देतो. लेखी करार असला तरी पैसे द्यायची मुदत स्वीकृतीपासून ४५ दिवसांपुढे नेता येत नाही, करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. काम दिल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर ज्या दिवशी दिलं तोच स्वीकृतीचा दिवस धरतात. मात्र काम कधी दिलं हे दाखवायला कागद लागतो, आणि ग्रुपवरचा “झालं सर” त्यासाठी फार लंगडा पुरावा आहे. मध्यम उद्योगांना हे संरक्षण नाही.

हे सगळं न केल्यास पैसे अडकतात, माणसं पुण्याला जातात.

[हस्तांतराची यादी. ग्राहकाच्या संगणकावर बॅकअप परत चढवतात.]

उरलं हस्तांतर. डोमेन आणि सर्व्हरचं खातं ग्राहकाच्या नावावर आहे का, ते आधी पाहायचं. कोडचे हक्क द्यायचे ठरले असतील तर ते लेखी लागतात. मुदत लिहिलीच नाही, तर १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार ती पाचच वर्षांची धरली जाते. सुटलेली चूक आणि नवी मागणी यांतला फरक एएमसीच्या, म्हणजे वार्षिक देखभाल कराराच्या, पहिल्या पानावर हवा: मान्य केलेल्या यादीप्रमाणे चालत नसेल तर चूक, यादीतच नसेल तर नोंदवहीत नवा क्रमांक. आणि बॅकअप नुसता घेतला म्हणून सही मिळत नाही, तो ग्राहकासमोर परत चढवून जुनं लेबल छापून दाखवावं लागतं.