वळिवड्याचे पोलिश गाव आणि कीरा बनासिन्स्का

कोल्हापूरहून मिरजेच्या दिशेने निघालेली रेल्वे काही मिनिटांतच वळिवड्याच्या छोट्या स्थानकावर येते. शेजारच्या गांधीनगरात आज कापडाच्या घाऊक दुकानांची गर्दी दिसते; परंतु १९४३ ते १९४८ या काळात याच माळावर सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांचे गाव नांदत होते, आणि त्यांत बहुतांश स्त्रिया व मुले होती.

सोव्हिएत सत्तेने १९४० पासून पूर्व पोलंडमधून सायबेरिया व कझाकस्तानात हद्दपार केलेली ही माणसे. पोलंडचे निर्वासित सरकार व सोव्हिएत सत्ता यांच्यातील जुलै १९४१ मधील करारानंतर त्यांची सुटका झाली, तरी उपासमार आणि रोगराई पाठ सोडीनात. तेव्हा मुंबईतील पोलिश वाणिज्यदूतांच्या पत्नी कीरा बनासिन्स्का यांनी पोलिश रेडक्रॉसच्या प्रतिनिधी म्हणून मदतकार्य अंगावर घेतले. औषधे, कपडे आणि अन्नधान्य भरलेले मालट्रक क्वेट्टा, झाहेदान, मशहद असा खडतर रस्ता तुडवीत सोव्हिएत तुर्कमेनिस्तानातील अश्गाबातला पोहोचले आणि परतीच्या वाटेवर त्याच ट्रकांतून अनाथ मुले भारतात आली. मुंबईत वांद्र्याला त्यांची पहिली सोय झाली; पुढे १९४२ मध्येच नवानगर संस्थानचे राजे जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी जामनगरजवळ बालाचडी येथे त्यांना आश्रय दिला.

सायबेरियातून इराणमार्गे येणाऱ्या कुटुंबांसाठी मात्र मोठी वस्ती हवी होती आणि त्यासाठी कोल्हापूर संस्थानातील वळिवडे निवडले गेले. तिथली बराक अशी होती: बांबूच्या चटयांच्या भिंती, वर कौले, पुढे ओसरी आणि ओसरीलगत हौसेने लावलेली फुलझाडे. प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र चूल होती, ही बाब आम्हाला फार मोलाची वाटते. वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या हुकमतीखाली मिळेल ते खाल्लेल्या आईला येथे आपल्या मुलांसाठी काय रांधायचे हे स्वतः ठरवता आले. शाळांतून पोलिश भाषेत शिक्षण सुरू झाले, चर्च आणि रंगमंच उभे राहिले, स्काउटची पथके निघू लागली. भाजीपाला आणि कापड विकणाऱ्या आसपासच्या लोकांशी व्यवहार करता करता मुले मोडकेतोडके मराठीही बोलू लागली.

१९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली आणि बरीच कुटुंबे ब्रिटन व इतर देशांत विखुरली. त्याच बराकींत फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी संसार मांडले. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांचे स्मारक आहे. परंतु बनासिन्स्का यांचे काम आपल्या शाळकरी मुलांना अद्याप सांगितले जात नाही आणि ते सांगितले जावे, असा आमचा आग्रह आहे. युद्ध संपल्यावरही त्या भारतातच राहिल्या.