वाडीच्या नावाची एसटी नसते

(रत्नागिरीत पदव्युत्तर विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

विषय मॅडमनी दिलाय : संदर्भ कसा वाचावा आणि नेमलेलं वाचन कुठे शोधावं. वेळ पाऊण तास. लांजा-राजापूरकडच्या मुलांना गाडी गाठायचीय, म्हणून मी लांबवणार नाही. हसताय काय? नोकरीभर ‘हळू बोला’ एवढंच बोललेल्या ग्रंथपालाला निवृत्तीनंतर माइक मिळालाय, थोडं सोसा.

आधी माझी एक तक्रार. एका कॉलेजात, नाव विचारू नका, इतिहासाची वाचनयादी दर जूनला ग्रंथालयात यायची. मूळ टंकलिखित, तिची झेरॉक्स, त्या झेरॉक्सची झेरॉक्स. उजवी कड कापलेली, म्हणजे नेमके पृष्ठांक गेले. मधल्या एका लेखापुढे लिहिलेलं, ‘आगामी’. मी नोकरीला लागलो तेव्हा तो लेख आगामी होता, निवृत्त झालो तेव्हाही आगामीच. दरम्यान यादी करणारे सर निवृत्त झाले, अभ्यासक्रम बदलला, सेमिस्टर आलं. यादी संगणकावर चढली, तर ‘आगामी’ तेवढा युनिकोडमध्ये आला. नव्या सरांना विचारलं, ‘अहो, हा लेख छापून आला का?’ म्हणाले, ‘यादीत आहे म्हणजे आलाच असणार.’ आणि परीक्षेत त्यावर प्रश्न! मुलांनी उत्तरं लिहिली, त्यांना मार्कही मिळाले. (हशा.) तुम्ही हसताय, मी मात्र ती यादी फाइलला लावत होतो.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी 1931 साली ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले. चौथा नियम, वाचकाचा वेळ वाचवा. यादी देणाऱ्यानं त्यातलं निदान प्रत्येक पुस्तक एकदा हातात घेतलेलं असावं, असा सहावा नियम त्यांनी केला नाही. त्यांना तो सांगायची गरजच वाटली नसेल. भले गृहस्थ.

त्याच यादीपायी गुहागरकडची एक मुलगी रडकुंडीला आली होती. एका लेखिकेचं ‘पुस्तक’ तिला हवं होतं. इथे नाही, पुण्यात मावशीकरवी विचारलं तर तिथेही नाही. मी म्हटलं, बाळा, यादी दाखव. बघतो तर लेखिकेचं नाव, मग शीर्षक, आणि पुढे दुसऱ्याच गृहस्थांचं नाव, कंसात ‘संपा.’, म्हणजे संपादक. लेखिकेचा होता तो नुसता आतला लेख. पुस्तक माझ्या टेबलामागच्याच कपाटात होतं, संपादकाच्या नावावर. आता तुम्ही स्टँडवर जाऊन ‘खालच्या वाडीची गाडी कधी?’ असं विचारा. कंट्रोलर तुमच्या तोंडाकडे बघत बसेल. गाडीच्या पाटीवर गाव असतं, वाडी नसते. लेख ही वाडी, ग्रंथ हे गाव. कॅटलॉगात गावं लावलेली असतात.

माझं म्हणणं काय ते एवढंच. संदर्भ हाती आला की आधी ठरवा, यात बांधून कपाटात उभी राहणारी वस्तू कोणती? पुस्तक, संपादित ग्रंथ, नियतकालिक की प्रबंध? ती आधी शोधा, आतलं मग. छापील संदर्भात तिरप्या अक्षरांत असते ती सहसा ही बाहेरची वस्तू. व्हॉट्सॲपवर यादी पाठवताना तिरपं सगळं सरळ होतं आणि हा एकुलता एक आधारही जातो, ही माझी दुसरी तक्रार. ती आज नको, कारण चिठ्ठी आलीय : दहा मिनिटं.

दहा मिनिटं! बरं, पटापट घेतो.

खंड आणि भाग यांत गल्लत करू नका. आपल्या जिल्ह्यातल्या महामहोपाध्याय पां. वा. काण्यांचा धर्मशास्त्राचा इंग्रजी इतिहास घ्या. भांडारकर संस्थेनं 1930 ते 1962 या काळात काढलेले पाच खंड. पण दुसरा खंड, 1941 चा, दोन भागांत आहे. ‘काणे, 2, पृ. अमुक’ असं दिसलं की दोन्ही भाग बघा. पहिल्या खंडाची तर पुढे सुधारित आवृत्तीही निघाली, तीही दोन भागांत. तिथली पानं 1930 च्या पानांशी जुळणार नाहीत. म्हणून साल बघितल्याशिवाय पान उघडू नका.

इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली 1966 पासून निघतं. त्याच्या एका वर्षाच्या अंकांचा एक खंड. साल कापलं गेलं असेल तर खंडाच्या आकड्यात 1965 मिळवा. खंड 49 म्हणजे 2014. जुन्या अंकांत पानांचे आकडे वर्षभर सलग चालायचे, तेव्हा साप्ताहिकात ‘पृ. 2300’ दिसलं तर छपाईची चूक समजू नका.

संदर्भाच्या शेवटी 10 ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक असला तर तो डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळखक्रमांक. डीओआय डॉट ऑर्ग, तिरकी रेघ, पुढे तो क्रमांक. थेट लेखाच्या पानावर जाल. तिथे पैसे मागितले तर लगेच देऊ नका. एन-लिस्ट ही कॉलेजांना ऑनलाइन वाचन पुरवणारी योजना. तुमचं कॉलेज तिचं सभासद असेल तर ग्रंथपालांकडून लॉगिन घ्या, घरबसल्या बरीच नियतकालिकं उघडतात. तरीही नाही मिळालं, तर लेखकालाच ईमेल करा. आपला लेख कुणीतरी मागितला म्हणून खूश होतात बिचारे.

आणि प्रबंधांसाठी शोधगंगा ही वेबसाइट. भारतीय विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध, फुकट. तिथे प्रकरणांच्या फायली बहुधा सुट्या असतात. तुमच्या विषयाचा प्रबंध मिळाला की पहिलं प्रकरण नंतर वाचा, आधी संदर्भसूचीची फाइल उघडा. कडा न कापलेली यादी तिथे मिळेल.

राजापूरवाले उठले वाटतं. जा, जा, छत्र्या विसरू नका. बाकीच्यांनी प्रश्न विचारा, मॅडम चिठ्ठी पाठवेपर्यंत मी इथेच आहे.